‘नॅस्टी’ आणि ‘ओडिअस’ यांत फरक काय? इंग्रजीतल्या नापसंतीच्या शब्दांची घडण

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘नॅस्टी’, ‘व्हाइल’, ‘ओडिअस’, ‘रिपल्सिव्ह’ आणि ‘ऑब्नॉक्शस’ हे पाच शब्द एकापाठोपाठ एक पाहिले, तर घाणेरडा, किळसवाणा, ओंगळ, तिरस्करणीय असे तेच चार-पाच प्रतिशब्द फिरून फिरून समोर येतात आणि हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरावेत, अशी वाचकाची समजूत होते. तसे वापरले तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहते, पण ऐकणारा चमकतो. लोकलच्या डब्यात मोठ्या आवाजात व्हिडिओ लावून बसलेल्या प्रवाशाला ‘ओडिअस’ म्हटले, तर त्याने एखादे घोर पाप केले असावे असे वाटते. उलट नरसंहाराचा हुकूम देणाऱ्याला ‘ऑब्नॉक्शस’ म्हटले, तर बोलणाऱ्याला प्रकरणाचे गांभीर्यच कळलेले नाही असे वाटते. हा फरक नुसता पाठ करून अंगवळणी पडत नाही. शब्द कुठून आला, तो आधी कोणाला उद्देशून वापरला जाई आणि वापरणारा कोण होता हे ठाऊक असले, तर मात्र त्यातला बराचसा भाग आपोआप उलगडतो.

सुरुवात तोंडापासून करावी लागते, कारण नापसंतीचे पुष्कळ शब्द मुळात खाण्याविषयीचे आहेत. ‘डिस्गस्टिंग’ या शब्दाच्या पोटात ‘चव’ या अर्थाचा लॅटिन शब्द दडलेला आहे. जे चवीला सोसत नाही ते ‘डिस्गस्टिंग’. चार्ल्स डार्विनने 1872 साली भावनांच्या आविष्कारावर लिहिलेल्या पुस्तकात या भावनेचा विचार करताना दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या तिएरा देल फ्वेगो या बेटावरचा स्वतःचा अनुभव दिला आहे. तो मुक्कामाच्या जागी डब्यातले टिकवलेले थंड मांस खात असताना तिथल्या एका रहिवाशाने ते बोटाने चाचपून पाहिले आणि त्याच्या मऊपणाने त्या माणसाला स्पष्टपणे शिसारी आली. डार्विनलाही शिसारी आली, पण ती आपल्या अन्नाला एका उघड्या ‘रानटी’ माणसाचा हात लागला म्हणून. आणि तो हात मळलेला दिसत नव्हता, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. एकाच घासाभोवतीच्या या दोन शिसाऱ्यांत या शब्दांचा सगळा प्रवास दिसतो. पहिल्या माणसाला पदार्थ नकोसा झाला, दुसऱ्याला माणूस. अन्नाची किळस माणसापर्यंत इतक्या सहज पोहोचते की भाषेला त्यासाठी वेगळा शब्द घडवण्याची गरजच भासत नाही. म्हणूनच ‘फाउल’ हा वासही असतो आणि कृत्यही, ‘रॉटन’ हे अंडेही असते आणि माणूसही, आणि ‘अनसेव्हरी’ म्हणजे शब्दशः बेचव असलेली व्यक्ती म्हणजे जिची संगत भल्या माणसाने टाळावी अशी व्यक्ती. मराठीत आपणही कुजकट बोलतो आणि नासक्या स्वभावाच्या माणसापासून लांब राहतो.

पदार्थांच्या बाबतीत मात्र इंग्रजी फार काटेकोर आहे आणि इथे मराठी माणसाला फारशी अडचण येऊ नये, कारण आपली स्वयंपाकघरातली भाषाही तितकीच काटेकोर आहे. तेल, लोणी, शेंगदाणे किंवा खोबरे खवट झाले की ते ‘रॅन्सिड’. पाव, बिस्किटे किंवा कोंदलेली हवा ‘स्टेल’. दूध ‘सावर’ होते किंवा ब्रिटिश बोलीत ‘ऑफ’ जाते. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटातला कुबट वास ‘मस्टी’. मांस सडून दुर्गंधी सुटली की ‘प्यूट्रिड’. तेल ‘स्टेल’ झाले असे कुणी म्हटले तरी अर्थ कळतो, पण दूध खवट झाले म्हणणाऱ्याकडे आपली आजी जशी पाहील तसे काहीसे होते. वासाच्या बाबतीत आणखी एक गंमत म्हणजे ‘इट स्मेल्स’ एवढेच म्हटले, चांगला की वाईट हे सांगितलेच नाही, तरी तो वाईट वास समजला जातो. आपणही ‘अरे, वास येतोय’ असे म्हणतो तेव्हा मोगऱ्याविषयी बोलत नसतो. जुन्या इंग्रजीत ‘स्टिंक’ हे क्रियापद सुगंधालाही चालत असे. पुढे ते दुर्गंधीपुरतेच उरले.

शब्द वाईटाकडे घसरण्याची ही रीत सर्वांत ठळकपणे दिसते ती समाजातल्या खालच्या पायरीवरच्या लोकांसाठी असलेल्या शब्दांत, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. ‘व्हिलन’ म्हणजे चित्रपटातला खलनायक हे आपल्याला इतके पक्के ठाऊक आहे की त्याचा ‘व्हिला’शी, म्हणजे जमीनदाराच्या शेतवाडीशी संबंध असेल असे वाटतच नाही. पण लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ शेतवाडीवर राबणारा माणूस एवढाच होता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीला बांधलेल्या कुळाला ‘व्हिलन’ म्हणत. इतिहासकार आज त्याचे स्पेलिंग किंचित वेगळे लिहितात, एवढाच काय तो फरक. ‘नेव्ह’ म्हणजे आधी मुलगा, मग पोऱ्या, मग नोकर आणि शेवटी लबाड. पत्त्यांतल्या राजा-राणीखालच्या पानाला इंग्रज पूर्वी ‘नेव्ह’ म्हणत आणि आपण त्याला गुलाम म्हणतो, म्हणजे इंग्रजीने मागे टाकलेला नोकराचा अर्थ आपल्या रमीच्या डावात अजून शाबूत आहे. ‘बूर’ म्हणजे असभ्य, आडदांड माणूस. हा शब्द डच भाषेतला शेतकरी, आणि दक्षिण आफ्रिकेतले बोअर हे त्याचेच भाऊबंद. ‘चर्लिश’ म्हणजे तुसडा, पण ‘चर्ल’ हा अँग्लो-सॅक्सन समाजातला सर्वांत खालच्या दर्जाचा, तरीही स्वतंत्र माणूस होता. राजघराण्यातले चार्ल्स हे नाव जर्मानिक भाषांतल्या याच मुळातून आले आहे. एकाच मुळाची एक फांदी सिंहासनापर्यंत गेली आणि दुसरी शिवीपर्यंत आली.

‘मीन’चा आधीचा अर्थ सर्वांचे, सामाईक; मग सामान्य, मग हलके, मग हलकट. ‘व्हल्गर’ म्हणजे सर्वसामान्य लोकांचे. ‘ल्यूड’ म्हणजे आज अश्लील, पण आधी त्याचा अर्थ धर्मगुरू नसलेला, म्हणून अशिक्षित, म्हणून असंस्कृत असा उतरत गेला. यांपैकी एकही बदल शेतकऱ्यांनी किंवा नोकरांनी घडवलेला नाही, कारण लिहिणे त्यांच्या हाती नव्हते. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना आपल्याहून खालच्या लोकांचे वागणे जसे वाटे तसा अर्थ शब्दाला चिकटत गेला. सी. एस. लुइस या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकाने याला दर्जावाचक शब्दांचे नैतिकीकरण म्हटले आहे. माणूस कुठे जन्मला हे सांगणारा शब्द तो माणूस कसा आहे हे सांगू लागतो. आपल्याकडे हे काही परके नाही. संस्कृत काव्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा दोष मानला गेला आणि मराठीत ‘गावंढळ’ म्हणताना आपण कोणाच्या गावाचा पत्ता विचारत नसतो.

आपल्या भूमीवरूनही इंग्रजीने या कामासाठी शब्द उचलले. ‘ठग’ हा मराठी-हिंदीत फसवणारा, लुबाडणारा माणूस. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने वाटसरूंचा गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्यांविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा तो ‘थग’ होऊन इंग्रजीत रुळला, त्यातली फसवणूक गळून पडली आणि नुसता दांडगा गुंड उरला. आज अमेरिकेत हा शब्द कृष्णवर्णीय तरुणांसाठी वापरला जातो तेव्हा त्याला वांशिक हिणवणुकीचा वास येतो, म्हणून तिथे तो जपून वापरावा. ‘परायह’ची गोष्ट अधिक बोचरी आहे. तमिळ प्रदेशातल्या एका जातीचे हे नाव इंग्रजीने ‘वाळीत टाकलेला’ या अर्थाने घेतले आणि आज वर्तमानपत्रे एखाद्या देशाला ‘परायह स्टेट’ म्हणतात तेव्हा त्या मथळ्यात जिवंत माणसांच्या समूहाचे नाव बसलेले असते. हा शब्द टाळता येत असेल तर टाळावा असे मला वाटते.

वस्तूंसाठीचे निंदाशब्द कमी दुखरे आणि अनेकदा गमतीचे आहेत. ‘टॉड्री’ म्हणजे भडक आणि हलक्या दर्जाचे. हा शब्द एका संत स्त्रीच्या नावावरून आला. सातव्या शतकातल्या एथेल्ड्रेडा या मठाधिपती स्त्रीचे नाव पुढे बोलण्यात ‘ऑड्री’ झाले आणि ईली या गावी तिच्या नावाने भरणाऱ्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जात. ‘सेंट ऑड्री’ घाईने म्हणता म्हणता ‘टॉड्री’ झाले आणि जत्रेतला माल जसजसा स्वस्त व भपकेबाज होत गेला तसतसा शब्दही उतरला. स्वतः ऑड्रीच्या गळ्याला गाठ आली होती आणि तरुणपणी घातलेल्या हारांची ती शिक्षा आहे असे ती मानत असे, अशी जुनी नोंद आहे. तिच्याच नावाने गळ्यातला भपका विकला जावा हा दैवदुर्विलास म्हणायचा.

‘शॉडी’चा जन्म कारखान्यात झाला. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातल्या बॅटली गावात 1813 च्या सुमारास बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरी चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्याची रीत बसवली असे मानले जाते. दातेरी रूळ असलेल्या यंत्रात चिंध्या फाडून त्यांचे तंतू मोकळे करत. कामगार या यंत्राला ‘सैतान’ म्हणत आणि त्यातून उडणाऱ्या धुळीला सैतानाची धूळ. असे तंतू आखूड पडतात, म्हणून त्यात थोडी नवी लोकर मिसळून ते कातावे लागतात. या मालाचे नाव ‘शॉडी’. तोवर त्यात निंदेचा लवलेश नव्हता. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, सैन्याला घाईने हजारो गणवेश हवे होते, कंत्राटदारांनी हे कापड वापरले आणि अंगावरचे कपडे पावसापाण्यात विरून जाऊ लागले. तिथून पुढे ‘शॉडी’ म्हणजे वरून ठीक दिसणारे पण निकृष्ट, अंग चोरून केलेले काम. आजही जगभरातल्या जुन्या कपड्यांपासून असे सूत काढण्याचा मोठा धंदा आपल्या पानिपतात चालतो आणि तिथे ‘शॉडी’ हे अजूनही मालाचे नाव आहे, शिवी नाही. म्हणून ‘शॉडी’ हे विशेषण केलेल्या कामाला लावावे, उदाहरणार्थ गळणाऱ्या छपराला किंवा घाईत उरकलेल्या तपासाला. मुळातच स्वस्त असलेल्या वस्तूला ते लावणे अन्यायाचे होते.

स्त्रियांसाठीच्या शब्दांची घसरण वेगळी सांगायला हवी, कारण तिथे जोड्या जुळवून पाहता येतात. ‘हाउसवाइफ’ हाच शब्द झिजून ‘हसी’ झाला आणि त्याचा अर्थ उठवळ बाई असा झाला. ‘मास्टर’ आपल्या जागी मानाने राहिला, ‘मिस्ट्रेस’ मात्र ठेवलेली बाई झाली. ‘बॅचलर’मध्ये मोकळेपणाची झाक आहे, ‘स्पिन्स्टर’मध्ये कीव, आणि हा शब्द मुळात सूत कातणारी, म्हणजे स्वतःच्या हाताने कमावणारी बाई सांगत होता. हे सगळे जुने झाले असे वाटत असेल तर कचेरीतले वार्षिक मूल्यमापन पाहावे. कीरन स्नायडर या भाषाशास्त्र शिकलेल्या उद्योजिकेने 2014 साली तंत्रज्ञान क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांची 248 मूल्यमापने तपासून त्यांतला शेरेबाजीचा भाग प्रसिद्ध केला, तेव्हा ‘अब्रेझिव्ह’, म्हणजे घासून खरवडणारी, बोलण्याने बोचणारी, हे विशेषण स्त्रियांच्या मूल्यमापनांत अनेकदा सापडले आणि पुरुषांच्या एकाही मूल्यमापनात सापडले नाही. हाताखालच्या व्यक्तीविषयी इंग्रजीत शेरा लिहिताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता माणसांसाठीच्या शब्दांतले बारकावे पाहू. ‘ऑब्नॉक्शस’ हा शब्द लॅटिनमध्ये इजेला उघडा पडलेला अशा अर्थाचा होता आणि इंग्रजीत येऊन तो उलटला. आता तो इतरांना नकोसा करून सोडणारा. यात आवाज आहे, उद्दामपणा आहे आणि आजूबाजूच्यांची पर्वा नाही, पण पाप नाही. ‘ओडिअस’मध्ये द्वेष आहे, ज्याचा तिरस्कार करणे योग्यच ठरेल असा माणूस, असा कायदा, अशी प्रथा. ‘रिपल्सिव्ह’ म्हणजे जवळ जाववत नाही असा, आणि हे बहुधा शरीराविषयी वाटते, म्हणून ते माणसाला लावताना क्रूर होते. ‘व्हाइल’ हा लॅटिनमध्ये नुसता स्वस्त, कमी किमतीचा होता. आज तो नीचपणाची परिसीमा सांगतो, मात्र ब्रिटिश माणूस चहा बिघडला तरी त्याला ‘व्हाइल’ म्हणतो. ‘कॅलस’ म्हणजे हाताला घट्टा पडावा तसा मनाला घट्टा पडलेला, आपला निगरगट्ट. ‘क्रीपी’ हा मला यांत सर्वांत उपयोगी शब्द वाटतो, कारण तो आरोप करत नाही. समोरच्याने काही केले आहे असे सिद्ध करता येत नाही, तरी त्याच्या असण्याने अंगावर काहीतरी सरपटल्यासारखे होते, एवढेच तो सांगतो. ‘स्नाइड’ म्हणजे कुजकट, टोमणा मारून नामानिराळा राहणारा. याच ‘स्न’ने सुरू होणारे ‘स्नीअर’, ‘स्नूटी’, ‘स्नीक’ आणि ‘स्ल’ने सुरू होणारे ‘स्लायमी’, ‘स्लीझी’, ‘स्लॉब’ हे शब्द नुसत्या आवाजानेच नाक मुरडायला लावतात. अशा अर्थवाही ध्वनिगटांना जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1930 साली ‘फोनेस्थीम’ असे नाव दिले.

तीव्रतेचे व्याकरण थोडक्यात सांगता येते. ‘नॅस्टी’ किंवा ‘अनप्लेझंट’ यांच्या आधी ‘व्हेरी’ चालते, कारण त्या गुणाच्या पायऱ्या आहेत. ‘ऑफुल’, ‘व्हाइल’, ‘डिस्गस्टिंग’ हे शब्द शेवटच्या पायरीवरच उभे असल्यामुळे त्यांच्याआधी ‘अॅब्सोल्यूटली’ किंवा ‘क्वाइट’ शोभते आणि ‘व्हेरी’ नवशिके वाटते. ‘ऑफुल’ एके काळी देवासमोर उभे राहिल्यावर वाटणारा धाक सांगत होता. वापरून वापरून त्याची धार इतकी गेली की आता ‘ऑफुली नाइस’ही म्हणता येते. भयंकर सुंदर आणि भयानक छान म्हणणाऱ्या मराठी माणसाने यात नवल मानू नये. उलट ‘अनप्लेझंट’ हा दिसायला सौम्य शब्द एखादा इंग्रज शांतपणे उच्चारतो तेव्हा प्रकरण खरोखर चिघळलेले असण्याची शक्यता अधिक. तिथे कमी बोलून जास्त सांगण्याची रीत आहे आणि ‘नॉट व्हेरी नाइस’ म्हणजे पुष्कळदा चांगलेच वाईट.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात हे शब्द वापरणाऱ्याची नाडी अचूक पकडली. एका क्रियापदाची प्रथम, द्वितीय आणि तृतीय पुरुषातली रूपे चालवून दाखवावीत तसे ते म्हणाले, की मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डुकरासारखा अडून बसणारा मूर्ख आहे. वागणे तिघांचे एकच असते. संसदेत सदस्यांनी एकमेकांना कोणते शब्द वापरावेत यावर सभापतींना लक्ष ठेवावे लागते ते याचमुळे. ब्रिटिश संसदेत ‘कॉवर्ड’, ‘हूलिगन’, ‘स्वाइन’, ‘गिट’ असे शब्द आजवर असंसदीय ठरले आहेत आणि ‘लायर’ तर म्हणताच येत नाही. विन्स्टन चर्चिल यांनी 1906 मध्ये त्याऐवजी ‘परिभाषेतील अचूकतेचा अभाव’ अशा थाटाचा जडजंबाल शब्दप्रयोग केला आणि तो खोटेपणाचे सभ्य नाव म्हणून गाजला. डेनिस स्किनर या खासदाराने 2016 मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांना ‘डॉजी डेव्ह’, म्हणजे भरवसा ठेवू नये असा डेव्ह, म्हटले, शब्द मागे घ्यायला नकार दिला आणि त्यांना सभागृहाबाहेर जावे लागले. आपल्या लोकसभा सचिवालयाच्या 2022 च्या संकलनात ‘करप्ट’, ‘हिपॉक्रसी’, ‘इन्कॉम्पिटंट’ हे शब्द दिसल्यावर गदारोळ झाला, तेव्हा कोणत्याही शब्दावर बंदी नाही, जे कामकाजातून वगळले गेले त्याची ती यादी आहे, असा खुलासा अध्यक्षांना करावा लागला.

शेवटी देशोदेशीच्या फरकाविषयी, कारण मराठी कुटुंबांना त्याचा फटका प्रत्यक्ष बसतो. ‘मीन’ म्हणजे ब्रिटनमध्ये प्रामुख्याने चिक्कू, अमेरिकेत दुष्टपणे वागणारा. तिकडच्या शाळेत नातवंडे बाईंना ‘मीन’ म्हणाली तर बाई पैशाला घट्ट आहेत असे समजू नये. ‘होमली’चे त्याहून वाईट. आपल्याकडच्या विवाहविषयक जाहिरातींत ‘होमली’ मुलगी हवी असे वर्षानुवर्षे छापले जाते आणि त्यातून घरगुती, घराची ओढ असलेली असा अर्थ अभिप्रेत असतो. ब्रिटनमध्ये हा शब्द ऊबदार घराविषयी वापरतात, तेव्हा तो तिथे निदान अपमान ठरत नाही. अमेरिकेत मात्र ‘होमली’ म्हणजे दिसायला बेताची, जवळजवळ कुरूप. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाच्या हाती असे स्थळ पडले, तर मुलीच्या आईवडिलांनी आपल्याच लेकीविषयी हे का लिहिले असावे असा प्रश्न त्याला पडेल. ‘होम-लव्हिंग’ किंवा ‘फॅमिली-ओरिएंटेड’ लिहिले की हा घोळ होत नाही.